इपॉक्सीत नॅनो पावडर घातल्यावर ब्रेकडाऊन व्होल्टेज खरंच वाढतं का? आमचं तर कमी आलं

सातपूरकर
नमस्कार मंडळी. नाशकात सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, ११ केव्हीचे इनडोअर सीटी-पीटी, म्हणजे करंट आणि व्होल्टेज मोजायला लागणारे ट्रान्सफॉर्मर, इपॉक्सीत कास्ट करतो. आमचं नेहमीचं मिश्रण म्हणजे रेझिन, हार्डनर आणि वजनाने साठ टक्क्यांच्या आसपास सिलिका पावडर, म्हणजे क्वार्ट्झची साधी मायक्रॉनवाली. मागच्या महिन्यात एक सप्लायर नॅनो ॲल्युमिनाचं सॅम्पल देऊन गेला आणि म्हणाला फक्त ३ टक्के टाका, ब्रेकडाऊन, म्हणजे इन्सुलेशन फुटून वीज आरपार जाते ते व्होल्टेज, ४० टक्क्यांनी वाढेल. मी साध्या रेझिनच्या एक मिमीच्या प्लेट ओतल्या आणि तशाच ३ टक्के नॅनोवाल्या ओतल्या, ड्रिल मशीनला पॅडल लावून दीड तास ढवळलं, मग व्हॅक्यूम दिला, क्युअर केलं, तेलात बुडवून एसी लावला. दोन्हीच्या पाच-पाच प्लेट. नॅनोवाल्या पाचही प्लेट साध्यापेक्षा आधी फुटल्या, त्यातली एक तर इतक्या लवकर की आम्ही आधी इलेक्ट्रोडच काढून तपासले.
आता प्रश्न असा की हे सगळं नॅनो प्रकरण नुसतं कागदावरचं आहे की आमचं काही चुकलं? इथे इन्सुलेशनमधली माणसं आहेत म्हणून विचारतोय. घरचे पैसे घातलेले आहेत त्यामुळे जरा जीव लागलाय.

मेगरवाला
वाचतोय. चांगला विषय काढलात.

वरणगावची_मेधा
सातपूरकर, एकच विचारते, पावडरचं पाकीट कधी उघडलंत आणि ओतलं कधी? आणि पावडर वाळवली होती का?

सातपूरकर
पाकीट जुलैत उघडलं मेधाताई, ओतलं परवा. वाळवली नाही. सप्लायर तसं काही बोलला नव्हता.

केबलआजोबा
मी एका केबल कारखान्यात ३१ वर्षं काढली, शेवटची चौदा एक्सएलपीईच्या, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिनच्या, लाईनवर. फिलर, म्हणजे भरीची पावडर, हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी पडते. पीव्हीसीत खडूची पावडर घालतात ती केबल स्वस्त करायला, गुणवत्ता वाढवायला नाही. आणि हाय व्होल्टेजच्या एक्सएलपीईत तर आम्ही उलटंच करायचो, दाणे स्वच्छ खोलीत उतरवायचे, वितळलेला माल बारीक जाळीतून जायचा, आणि मायक्रॉनमधला एखादा काळा कण सापडला तरी माल बाजूला काढायचा. का, तर त्या एका कणापासून झाड उगवतं. वॉटर ट्री म्हणतात त्याला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, साठ-सत्तरच्या दशकात परदेशात पॉलिथिनच्या केबल मोठ्या आशेने जमिनीत घातल्या आणि ओलावा अधिक विजेचा ताण यामुळे आतल्या आत फांद्या फुटून त्या वेळेआधी गेल्या. तेव्हापासून सगळ्या उद्योगाने एकच धडा गिरवला की स्वच्छता पाळा. आणि आता तुम्ही मुलं म्हणताय कण मुद्दाम घाला. मला पटत नाही. सातपूरकर, तुमच्या पाच प्लेटनी तुम्हाला खरं ते सांगितलंय.

इचलकरंजीचा_वायंडर
आजोबा, तुमचा मान राखून बोलतो. आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय, यंत्रमागाच्या मोटरी येतात. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, आले आणि एक नवाच प्रकार चालू झाला बघा. मोटर तापलेली नसायची, बेअरिंग चांगलं, लोड कमी, तरी वायंडिंगचे पहिले दोन-चार वेढे जळालेले. सुरुवातीला आम्ही गिऱ्हाइकाशी भांडायचो की पाणी गेलं असणार. मग एका इंजिनिअर साहेबांनी समजावलं की ड्राइव्हमधून सरळ साइन वेव्ह येत न्हाई, सेकंदाला हजारो ठोके येतात, आणि केबल लांब असली की तो ठोका मोटरच्या टर्मिनलवर आदळून जवळजवळ दुप्पट होतो. तो सगळा पहिल्या वेढ्यांवर बसतो आणि एनॅमलच्या, म्हणजे तारेवरच्या लेपाच्या, आसपासच्या हवेत बारीक बारीक ठिणग्या पडून एनॅमल पोखरलं जातं.
त्यावर इन्व्हर्टर ड्यूटी वायर मिळती. तिच्या एनॅमलात लई बारीक ॲल्युमिना नायतर सिलिका घातलेली असती. साध्या वायरीनं वर्षात परत आलेल्या दोन मोटरी त्या वायरीनं भरून दिल्या, त्या अजून चालू हायत. आता मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला तर दोन्ही वायरी सारख्याच दिसतात आणि हाय व्होल्टेजलापण फार फरक न्हाई. फरक दिसतो तो दिवसांत. एक सांगून ठेवतो, ती वायर ओढून ताणून भरली तर फायदा जातो, एनॅमलाला चिरा पडतात. हातानं सैल सोडत भरायची.

वरणगावची_मेधा
वायंडरदादांनी मुद्द्यालाच हात घातला. मी पॉलिमर डायइलेक्ट्रिकवर पीएचडी केलीय आणि आता परदेशात एका लॅबमध्ये याच कामावर आहे, त्यामुळे जरा लांब लिहीन, चालवून घ्या.

आधी हे बघू की नॅनोने वेगळं असं काय होतं. कण लहान झाला की त्याचं वजन झपाट्याने घटतं पण त्या मानाने पृष्ठभाग कमी होत नाही. हिशोब सोपा आहे, गोल कणांचा एकूण पृष्ठभाग म्हणजे सहा भागिले व्यास गुणिले आकारमान. एक घन सेंटीमीटर पदार्थ २० मायक्रॉनच्या कणांत वाटला तर पृष्ठभाग भरतो ०.३ चौरस मीटर, जमिनीवर दोन पाट मांडावेत एवढा. तोच घन सेंटीमीटर २० नॅनोमीटरच्या कणांत वाटला तर ३०० चौरस मीटर. कबड्डीची दोन मैदानं झाकून वर जागा उरेल. म्हणजे रेझिनमधल्या साखळ्यांचा बराच मोठा हिस्सा कुठल्या ना कुठल्या कणाच्या अंगाला लागून असतो. ती जी कणाभोवतीची साय असते ना, तिचे गुण कणाचेही नसतात आणि रेझिनचेही नसतात. टी. जे. लुईस यांनी १९९४ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं की इन्सुलेशनमध्ये खरी करामत या सीमेवर घडेल, आणि तनाका वगैरे जपानी मंडळींनी २००५ मध्ये त्या सायीचे थर कल्पून एक मॉडेल दिलं.

ही साय करते काय, तर इलेक्ट्रोडमधून आत शिरलेले इलेक्ट्रॉन अडकवते. मोकळा इलेक्ट्रॉन लांब धावला की त्याला ऊर्जा मिळते आणि तो साखळी तोडतो. जागोजागी खोल खड्डे असले तर तो धावायच्या आतच पडतो. शिवाय इलेक्ट्रोडजवळ अडकलेला चार्ज नंतर येणाऱ्याला मागे रेटतो. आणि तरीही झाड उगवलंच, तर त्याची फांदी सरळ जाऊ शकत नाही, कणाला वळसा घालत जावं लागतं, त्यात वेळ जातो.

आता सातपूरकरांचं काय झालं. पॅडलने दीड तास ढवळून नॅनो पावडर सुटत नाही. ते कण एकमेकांना घट्ट धरून असतात आणि रेझिनमध्ये गेले तरी गुठळीच्या गुठळीने जातात. वीस नॅनोमीटरचे कोट्यवधी कण मिळून दहा मायक्रॉनची गुठळी, आणि तिच्या पोटात हवा. म्हणजे तुम्ही नॅनो घातलंच नाही, तुम्ही आजोबांचा तो काळा कण घातलात, आणि हजारोंनी घातलात. त्यात पावसाळ्यात उघडं पाकीट. सिलिका काय, ॲल्युमिना काय, अंगावर पाणी धरून बसतात. कणाभोवती पाण्याचा थर बसला की साय चार्ज अडकवण्याऐवजी त्याला वाट करून देते.

नागपुरी_संत्रं
मेधाताई, म्हणजे हे पिठलं आहे. गरम पाण्यात बेसन ओतलं की गुठळ्या होणारच, मग कितीही घोटा. आधी थंड पाण्यात पातळ कालवून घ्यायचं आणि मग फोडणीत सोडायचं.

वरणगावची_मेधा
अगदी तसंच! आणि करतातही तसंच. आधी थोड्या रेझिनमध्ये किंवा सॉल्व्हंटमध्ये जास्त टक्क्यांचं घट्ट मिश्रण करायचं, ते अल्ट्रासोनिकवर नाहीतर थ्री रोल मिलमधून काढायचं, आणि मग ते उरलेल्या रेझिनमध्ये सोडायचं. त्याआधी पावडर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवायची. आणि शक्यतो सिलेन लावलेली पावडर घ्यायची, म्हणजे कणाला रेझिनचा हात धरता येतो. २००५ च्या सुमाराला नेल्सन आणि शॅडलर यांच्या गटाने एक्सएलपीईत नॅनो सिलिका घालून बघितली, त्यात पृष्ठभागावर काही न लावलेल्या सिलिकापेक्षा व्हिनिल सिलेन लावलेली सरस ठरली.

केबलआजोबा
ताई, नीट समजावून लिहिलंत, वाचून बरं वाटलं. पण प्रयोगशाळेतली पातळ फिल्म आणि जमिनीतली मैलभर केबल यात फरक असतो. एक मिमीच्या प्लेटला मिळणारे केव्ही प्रति मिमी वीस मिमी जाडीला कधीच मिळत नाहीत, आकार वाढला की दोष सापडायची शक्यता वाढते. खऱ्या हाय व्होल्टेज केबलमध्ये अशी पावडर कोणी घातलीय का, आणि ती चालू आहे का, एवढंच सांगा.

ओसाकाचा_पाहुणा
आजोबा, आहे. मी ओसाकात नोकरी करतो, केबलच्या क्षेत्रात नाही पण इथले मित्र आहेत. होक्काइदो आणि होन्शू ही बेटं जोडणारी समुद्राखालची डीसी लाईन आहे, त्यावर २५० केव्हीची फिलर घातलेली एक्सएलपीई केबल २०१२ पासून चालू आहे. वाहकाचं तापमान ९० अंशापर्यंत चालतं आणि पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी केली तरी चालतं. नंतर इंग्लंड आणि बेल्जियमला जोडणारी ४०० केव्हीची नेमो लिंक २०१९ मध्ये सुरू झाली, १००० मेगावॉट, १४० किमी, तीसुद्धा याच जपानी परंपरेतली.
डीसीलाच हे का लागलं तेही सांगतो. एसीत दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते त्यामुळे आत शिरलेल्या चार्जला साचायला सवड मिळत नाही. डीसीत तो दिवसेंदिवस साचतो आणि इन्सुलेशनच्या एका कोपऱ्यातला ताण ठरवलेल्यापेक्षा कितीतरी वाढवून ठेवतो. मग एक दिवस पोलॅरिटी उलटी केली की साचलेला चार्ज आणि नवीन व्होल्टेज एका बाजूला होतात आणि तिथेच केबल फुटते. पावडरने हा साठा आटोक्यात राहतो, मुख्य फायदा हा.

केबलआजोबा
हे मला माहीत नव्हतं. आम्ही सगळं आयुष्य एसीत काढलं. धन्यवाद ओसाकाकर.

मेगरवाला
यात एक भर घालतो म्हणजे चित्र एकांगी राहणार नाही. युरोपातल्या मंडळींनी बराचसा उलटा रस्ता धरला. तिकडे २०१४ मध्ये ५२५ केव्हीची डीसी एक्सएलपीई केबल जाहीर झाली ती फिलर घालून नव्हे, माल आणखी स्वच्छ करून. पेरॉक्साइडने क्रॉसलिंक करताना ॲसिटोफेनोनसारखे पदार्थ मागे उरतात, तेही चार्ज साचवतात, ते कमी केले. म्हणजे आजोबांचा धडापण खोटा ठरलेला नाही. आपल्याकडे पुगलूर-त्रिशूरची ३२० केव्ही लाईन आहे, केरळात शिरल्यावर तिचा काही भाग जमिनीखालून एक्सएलपीई केबलने जातो, तिथे व्हीएससी प्रकारच्या कन्व्हर्टरचं तंत्र असल्याने पोलॅरिटी उलटी करावीच लागत नाही, प्रवाहाची दिशा बदलून भागतं.

कोकणी_माड
आमच्याकडे मालवणात पहिला पाऊस पडला की लाईट जाते. ती पावडर इन्सुलेटरमध्ये घातली तर थांबेल का? दर जूनमध्ये आई मेणबत्त्या काढून ठेवते हो.

मेगरवाला
ते प्रकरण वेगळं आहे माडसाहेब. तुमच्याकडे आठ महिने खारा वारा इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ चढवतो. कोरडं असतं तोवर चालतं, पहिल्या झिमझिमीत ते भिजतं आणि पृष्ठभागावरून करंट सरपटतो. इन्सुलेटर आतून फुटत नाही, वरून फ्लॅशओव्हर होतो. धो धो पाऊस आला की उलट धुऊन निघतो. त्यावर उपाय म्हणजे सिलिकॉन रबरचे इन्सुलेटर, त्यावर पाण्याचा सलग थर होत नाही, थेंब थेंब राहतात. आणि गंमत बघा, त्यातही पावडर असतेच, ॲल्युमिना ट्रायहायड्रेट, मायक्रॉनमधली आणि भरपूर. ठिणगीने तापली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि जागा थंड होते, त्यामुळे रबरावर कोळशाची वाट तयार होत नाही.

कोकणी_माड
समजलं. आईला सांगतो की मिठाचा दोष.

गणिती_गौरी
मी संख्याशास्त्राची, विजेतलं कळत नाही, पण सातपूरकर, पाच प्लेटवरून काहीच ठरत नाही हो. ब्रेकडाऊन म्हणजे साखळीतली सगळ्यात कमकुवत कडी तुटणं, त्याला वायबुल वितरण लावतात. त्यातून दोन आकडे काढायचे. एक, ज्या व्होल्टेजला ६३.२ टक्के नमुने फुटलेले असतात ते. दुसरा, विखुरणी किती आहे ते सांगणारा. पाचांत एक फारच लवकर फुटली म्हणालात, म्हणजे विखुरणी मोठी. निदान वीस-वीस प्लेट करा. आणि सरासरीपेक्षा खालच्या टोकाकडे बघा, कारण गिऱ्हाइकाकडे तुमची सरासरी जात नाही, प्रत्येक सीटी एकटाच जातो.

इचलकरंजीचा_वायंडर
शेवटचं वाक्य आमच्या दुकानात लिहून लावतो ताई.

केबलआजोबा
मेधाताई, माझी शंका थोडी उरलीय. सप्लायर ४० टक्के म्हणतो. तुमच्या अनुभवात एसीला, थोड्या वेळाच्या टेस्टला, खरंच एवढं वाढतं?

वरणगावची_मेधा
नाही आजोबा. स्पष्टच सांगते. एसीच्या पटकन चढवायच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा फार फरक पडत नाही, काही वेळा कमीही होतं. डीसीला आणि पातळ फिल्मला चांगले आकडे येतात, सप्लायरचे ४० टक्के तिथलेच असावेत असा माझा अंदाज. पण इन्सुलेशन एका मिनिटात मरत नाही, ते वीस वर्षं झिजतं. पीडीने, म्हणजे वायंडरदादांनी सांगितलेल्या त्या बारीक ठिणग्यांनी, पोखरलं जायचा वेग, झाड पलीकडे पोचायला लागणारा वेळ, यात नॅनोने पडलेला फरक मी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितलाय. साध्या इपॉक्सीत खड्डा पडतो, नॅनोवाल्यात वरचं रेझिन गेलं की कणांचा थर उघडा पडतो आणि तो खालच्याला झाकतो. नायलॉनमध्ये मातीचे नॅनो थर घालून जपान्यांनी २००४ च्या आसपास हेच दाखवलं होतं. मोठ्या मोटरींत अभ्रकाची टेप गुंडाळतात, ती हेच काम करते.
आणि आयुष्य ताणाच्या घातात बदलतं. घातांक १० धरला तर ताण १० टक्क्यांनी उतरवल्यावर आयुष्य जवळजवळ २.९ पट होतं. म्हणून फुटायचा आकडा तेवढाच राहिला तरी झिजण्याचा वेग बदलला तर तो फायदा खराच आहे. हे मला मनापासून वाटतं, यावर माझी सात वर्षं गेली आहेत आणि प्रत्येक वेळी कोणीतरी एसीचा एकच आकडा पुढे करून काम मोडीत काढतं तेव्हा वाईट वाटतं. तितकंच वाईट कोणी एकच आकडा दाखवून पावडर विकतं तेव्हाही वाटतं.

केबलआजोबा
हे उत्तर पटलं. आकडा कमी येऊ शकतो असं तुम्ही स्वतःहून सांगितलंत म्हणून जास्त पटलं. आणि खरं सांगायचं तर ईपीआर रबरच्या केबलमध्ये सिलेन लावलेली भाजकी माती आम्हीही वर्षानुवर्षं घालत होतो. त्याला कधी फिलर म्हणून नाक मुरडलं नाही.

नवखा_अभियंता
मी तिसऱ्या वर्षाला आहे. मग २० टक्के नॅनो घातलं तर साय आणखी वाढेल ना?

वरणगावची_मेधा
चांगला प्रश्न. नाही, कारण मग एकाची साय दुसऱ्याच्या सायीला चिकटते आणि चार्जला एका खड्ड्यातून शेजारच्या खड्ड्यात उड्या मारत जायला सलग रस्ता मिळतो. शिवाय ते मिश्रण ओतताच येणार नाही. बारीक सिलिका थोडी जरी घातली तरी इपॉक्सी खिमटीसारखं होतं, बुडबुडे वर येत नाहीत. आणि बुडबुडा म्हणजे काय, रेझिनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४ धरला तर चपट्या बुडबुड्यात चौपट ताण येतो, आणि हवा ३ केव्ही प्रति मिमीला हात टेकते.

नागपुरी_संत्रं
आणि सातपूरकर भाऊ, मास्क लावा. सिलिका असो की ॲल्युमिना, इतकं बारीक फुप्फुसात गेलं तर बाहेर येत नाही. तुमच्या पोरांनापण द्या, साधा रुमाल नको.

सातपूरकर
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचं ऐकलं. मास्क आणले. पावडर नवीन आणली, सिलेन लावलेली. ओळखीच्या शाईवाल्याकडे थ्री रोल मिल आहे, त्याने रविवारी वापरू दिली, आधी १५ टक्क्यांचं घट्ट मिश्रण केलं आणि मग ते साध्या रेझिनमध्ये सोडून ३ टक्क्यांवर आणलं. पावडर रात्रभर व्हॅक्यूममध्ये वाळवली होती. वीस-वीस प्लेट केल्या.
एसीला ६३.२ टक्क्यांचा आकडा साध्याच्या बरोबरीने आला. वाढला नाही. पण खालची टोकं वर आलीत, लवकर फुटणारी एकही प्लेट नाही, गौरीताईंना ग्राफ पाठवलाय. मग मेधाताईंच्या सांगण्यावरून सुईसारखा इलेक्ट्रोड वर टेकवून दोन्ही प्लेट रोज आठ तास पीडीत ठेवल्या. नवव्या दिवशी साध्या प्लेटवर बोटाला लागेल असा खड्डा होता. नॅनोवाल्यावर पांढरट डाग आहे, खड्डा नाही.
११ केव्हीच्या सीटीत हे लगेच घालणार नाही, साठ टक्के सिलिका आधीच असते आणि त्यात हे मिसळून ओतता येईल की नाही ते बघावं लागेल, खर्चही आहे. पण एका गिऱ्हाइकाचे ड्राइव्हजवळचे पीटी दर दोन वर्षांनी परत येतात, त्यांच्यासाठी दोन नग करून बघतोय.

इचलकरंजीचा_वायंडर
ड्राइव्हजवळचे म्हणताय तर आतली वायर कुठली भरलीय? साधी असंल तर बाहेरून कितीपण भारी इपॉक्सी ओता, आतून जाईल. पत्ता व्यनि करा, माझ्याकडं इन्व्हर्टर ड्यूटी वायरीचं अर्धं रीळ शिल्लक हाय, बारीक गेजचं. लावून बघा.

सातपूरकर
दादा, साधीच आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं. व्यनि केलाय.

केबलआजोबा
सैल सोडत भरा म्हणाले होते ते. विसरू नका.